मुलांची आगगाडी आणि बोरघाटाची गोष्ट



आगगाडीचे वेड असलेली मुले ज्यांच्या घरात आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्याकडे थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. दोघांनाही खेळणी म्हणजे रूळ, खाऊचे डबे म्हणजे बोगी आणि ओळीत मांडलेल्या चपला म्हणजे मालगाडी. अशा मुलांसाठी पुण्याहून एका दिवसात होणारी सगळ्यात चांगली सहल कोणती, असे विचाराल तर मी सांगेन, लोणावळ्यावरून घाट उतरून कर्जतला जायचे, फलाटावर डबा खायचा, आणि परत घाट चढून घरी यायचे. बाग नाही, झोके नाहीत, तिकिटाखेरीज खर्च नाही.

पण मागच्या महिन्यात आमच्या स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचारातले अनर्थदंडव्रत चालू होते. समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, झाडे तोडणे, आणि विनाकारण फिरणे व दुसऱ्याला फिरवणे, हे सगळे त्यात येते. वाचन झाल्यावर एका काकूंनी मला हसत विचारले, ‘‘काय गं, तुझी ती कर्जतची फेरी यात बसते की नाही? गेलीस कशाला आणि आलीस कशाला?’’

प्रश्न थट्टेतला असला तरी सोडून देण्यासारखा नव्हता. म्हणून या घाटाविषयी जे वाचले आणि मुलांना जे सांगत आले, ते आज लिहिते आहे. उत्तर शेवटी तुम्हीच ठरवा.

दोन हजार वर्षांची वाट

बोरघाट ही इंग्रजांनी शोधलेली वाट नाही. कोकणातल्या बंदरांतून देशावर माल नेणारे व्यापाऱ्यांचे तांडे सातवाहनांच्या काळापासून याच डोंगरांतून चढत होते. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी या वाटेवरच आहेत. व्यापारी दान देत, साधू तिथे राहत, वाटसरू टेकत.

लेणी म्हटले की आपण ती बौद्धांची म्हणून पुढे जातो. पण आपल्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाताना कामशेत स्टेशन लागते. तिथून जवळ नाणे मावळात पाले नावाचे गाव आहे. त्याच्या डोंगरात एक साधे लेणे आहे आणि त्यात ब्राह्मी लिपीतला लहानसा लेख आहे. त्याची सुरुवात अरहंतांना नमस्काराने होते, आपल्या णमोकार मंत्राची होते तशीच. इंद्ररक्षित नावाच्या साधूंनी हे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करवले, एवढाच मजकूर. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी हा लेख अभ्यासून प्रसिद्ध केला. अभ्यासक तो दोन हजार वर्षांहून जुना आणि महाराष्ट्रातला सर्वांत जुना जैन लेख मानतात.

गाडी कामशेतवरून जाते तेव्हा मी मुलांना हात जोडायला सांगते. मूर्ती दिसत नाही, शिखर दिसत नाही. पण वाटेवरच्या माणसाला पाणी मिळावे म्हणून कोणी तरी दगडात टाके खोदले आणि आधी अरहंतांचे नाव लिहिले, हे चार वर्षांच्या मुलीलाही कळते.

घाटाआधीची आगगाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेले असते. पुढे काय झाले ते सहसा कोणी सांगत नाही. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचले. १८५८ च्या जूनमध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधे उरला तो सह्याद्रीचा कडा.

म्हणजे पाच वर्षे असा प्रकार होता की मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसे. त्यासाठी १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झालेला गाडीरस्ता होता. थोरल्याला हा भाग फार आवडतो. खाली एक गाडी, वर एक गाडी आणि मधे बैल!

घाटातून रूळ कसे न्यायचे हा प्रश्न जेम्स बर्कली या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य अभियंत्यासमोर होता. त्याने अनेक मोजण्या करून मार्ग ठरवला. सुमारे पंधरा-सोळा मैलांत १८३१ फूट चढायचे, २५ बोगदे खणायचे आणि ८ मोठे पूल बांधायचे. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट. चालणाऱ्या माणसाला तो जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, त्याला हा चढ म्हणजे डोंगरच. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये पहिली गाडी घाटातून गेली. बर्कली १८६२ मध्येच वारला. त्याने आखलेल्या घाटातून गाडी गेलेली त्याला पाहायला मिळाली नाही.

कोणी खणले?

मुलांना बोगदा म्हणजे अंधार, आरडाओरडा आणि गंमत. धाकटी प्रत्येक बोगद्याला बोट मोडते आणि दहाच्या पुढे पुन्हा एकपासून सुरू करते. पण एकदा थोरल्याने विचारले, ‘‘आई, हे मशीनने खणले का?’’

नाही. पहार, घण, हातोडा आणि सुरुंगाची दारू. कड्याला पाय ठेवायला जागा नसे तिथे माणसे वरून दोराला लटकून दगडाला भोके पाडत. आठ महिने काम चाले आणि पावसाळ्यात उघड्यावरचे काम बंद पडे. देशावरून आणि कोकणातून मजूर येत, त्यांत मातीकामात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेले वडार होते. पुरुषांबरोबर बायका आणि मुलेही डोक्यावर पाट्या वाहत. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४० हजारांवर माणसे काम करत होती. एवढी माणसे डोंगरात झोपड्या करून राहत, तेच पाणी पीत. पटकी आली की वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या होत. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून हजारो माणसे गेली.

पोटाचा प्रश्नही होता. पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम. मजुरी खालपर्यंत पोचेपर्यंत अडकून राही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला. अशा तंट्यांमुळेच सरकारने १८६० मध्ये रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरांच्या मजुरीचे वाद निकाली काढण्यासाठी कायदा केला. त्याच कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती, हेही सांगितले पाहिजे.

यानंतरचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल. तो १८५९ च्या शेवटी इथे आला आणि काही आठवड्यांच्या आतच आजाराने वारला. बरोबर त्याची पत्नी ॲलिस होती. परक्या मुलखात नवरा गेलेला आणि डोंगर अर्धा खणलेला. कोणीही म्हटले असते, बाई, परत जा. ती परत गेली नाही. नवऱ्याच्या माणसांतले ॲडमसन आणि क्लाउजर असे दोन अभियंते कामावर ठेवून तिने ठेका स्वतःच्या नावाने पुरा केला. १८६३ ची ती गाडी एका बाईच्या ठेक्यावरून धावली, ही गोष्ट मुलींना जरूर सांगावी. मात्र तिच्या हिमतीची गोष्ट सांगताना पाटी वाहणाऱ्या बायकांना विसरू नये. ॲलिसचे नाव पुस्तकात आहे. त्या बायका फक्त आकड्यात आहेत.

उलटी जाणारी गाडी

जुन्या मार्गातली मुलांची सर्वांत लाडकी गोष्ट म्हणजे खंडाळ्याखालचे रिव्हर्सिंग स्टेशन. तिथे डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून गाडी सरळ टोकापर्यंत जाई, थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढे. जिना चढताना मधल्या चौकात आपण वळतो, तसेच. घरी चपलांची गाडी करून दाखवली की लगेच समजते.

जवळजवळ ६५ वर्षे ही पद्धत चालली. मग १९२०च्या दशकात मार्ग बदलायचे ठरले. नवे बोगदे खणले, रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले, घाटात विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली.

या दुसऱ्या वेळच्या बोगद्यांच्या कामात आपल्या समाजातले एक नाव येते, वालचंद हिराचंद दोशी. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ मध्ये जन्म. वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ मासिक सुरू करणारे धर्मनिष्ठ गृहस्थ. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात वालचंदांचे मन रमले नाही. रेल्वेतली कारकुनी सोडून ठेकेदारी करणाऱ्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. बार्शीची ती अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आमच्या सासूबाई लहानपणी तिच्यात बसल्या आहेत आणि चढावर पोरे खाली उतरून तिच्याबरोबर पळत, असे सांगतात.

रेल्वेचे काम करत करत वालचंदांची कंपनी बोरघाटाच्या बोगद्यांपर्यंत पोचली. त्याआधीच १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे जहाज निघाले होते, पुढे १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना आला आणि त्यानंतर मोटारीचा. आगगाडी, जहाज, विमान, मोटार! थोरल्याच्या मते एका माणसाकडे याहून जास्त काही असूच शकत नाही.

पायी जाणारे

मुलांनी मला एकदा विचारले, ‘‘मुनी महाराज गाडीत का बसत नाहीत? त्यांना आवडत नाही?’’

आवडीचा प्रश्न नाही, असे मी सांगितले. चार हात पुढची जमीन पाहून, पायाखाली जीव येणार नाही असे चालणे, ही ईर्यासमिती. चाकाला ती पाळता येत नाही. म्हणून आपले साधू आणि आर्यिका माताजी विहार करतात तो पायीच. पुण्यामुंबईकडचे विहार आजही याच घाटाने चढतात आणि उतरतात, आणि वरून गाडी निघून जाते.

यात एक योग मला नेहमी विचार करायला लावतो. १९२७-२८ च्या सुमारास, बोरघाटात नव्या मार्गाचे काम चालू होते त्याच काळात, आचार्य शांतिसागर महाराज संघासह कुंभोज बाहुबलीहून सम्मेद शिखरजीपर्यंत पायी गेले. रेल्वेने देश जोडून झाला होता, तिकीट काढून चार दिवसांत पोचता आले असते. पण कित्येक पिढ्यांनंतर दक्षिणेतला दिगंबर मुनिसंघ उत्तरेत पायी जाताना लोकांनी पाहिला. गावोगाव लोक जमले, कोणी व्यसन सोडले, कोणी रात्रिभोजन सोडले. त्यांच्या दर्शनाला मात्र श्रावक गाडीगाडीने येत होते. आजही आपण इसरीच्या पारसनाथ स्टेशनवर उतरतो आणि तिथून पुढे डोंगर पायी चढतो. साधू पायी आणि श्रावक गाडीत, हे आपल्या धर्मात विसंगत नाही. दोघांची व्रतेच वेगळी. एकाचे महाव्रत, दुसऱ्याचे अणुव्रत. अणुव्रत म्हणजे मोकळीक नव्हे, मर्यादा.

मग हा अनर्थदंड आहे का?

काकूंच्या प्रश्नाकडे येते.

आपल्याकडे पाप तीन तऱ्हेने लागते, कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणे, करवणे, आणि केलेल्याला आनंदाने मान देणे. बोगदे मी खणले नाहीत, खणवले नाहीत. उरली अनुमोदना. बोगद्यात मुले टाळ्या वाजवतात तेव्हा ती त्या मरणांना टाळ्या वाजवत नसतात. पण आईबापांनी कधीच काही सांगितले नाही, तर मुले एवढेच शिकतात की चांगली गोष्ट आपोआप आपल्यापुढे येते आणि तिची किंमत कोणी मोजलेली नसते. मला वाटते, प्रमाद तो हाच. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. फिरणे वाईट नाही, बेसावध फिरणे वाईट.

म्हणून आमच्या घरी नियम केला आहे. वर्षात घाटाची एकच फेरी, चातुर्मास सोडून. जाताना कामशेतला नमस्कार. पहिल्या बोगद्यात ओरडायचे तेवढे ओरडून घ्यायचे. शेवटच्या बोगद्यात मात्र गप्प बसायचे आणि ज्यांनी हा खणला त्यांच्यासाठी एक णमोकार मनात म्हणायचा. धाकटीला शेवटचा बोगदा कोणता ते कळत नाही, त्यामुळे ती चार-पाच बोगद्यांत गप्प बसते. चालेल.

एका फेरीने मेलेली माणसे परत येत नाहीत, हे मलाही कळते. पण सात वर्षांच्या मुलाने मागच्या वेळी कर्जतला उतरल्यावर रुळाशी काम करणाऱ्या गँगमनला आपण होऊन हात केला आणि घरी येऊन विचारले, ‘‘त्या काकांना पगार वेळेवर मिळतो ना?’’ १८५९ ची दंगल त्याने लक्षात ठेवली होती. या फेरीतून हा प्रश्न निघाला, तर तिला विनाकारण म्हणायला माझे मन घेत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे

पुण्याहून सकाळची कर्जतला थांबणारी गाडी आधी बघून ठेवा. कर्जत-लोणावळा अंतर २८ किलोमीटर, पण सगळी मजा त्यातच आहे. उतरताना मुलांना घाटातले बाजूला फुटून वर चढत जाणारे रूळ दाखवा. ब्रेक न लागलेली गाडी तिकडे वळवून चढावर थांबवण्यासाठी ते असतात. पळणाऱ्या गाडीला चढ थांबवतो, हे ऐकून मुले चकित होतात. कर्जतला परतीच्या गाडीची वाट बघताना फलाटाच्या मागच्या टोकाला थांबा. तिथे गाडीला मागून ढकलणारी इंजिने जोडतात, दोन किंवा तीन. रुळाच्या कडेपासून लांब, हात धरूनच बघायचे. वंदे भारतच्या डब्यांखाली स्वतःच्या मोटारी असल्याने तिला मागचे इंजिन लागत नाही, हेही सांगा, नाही तर तुम्हाला विचारतीलच.

कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध, पण तो आपल्या कामाचा नाही. मुले मागणारच. म्हणून मी सकाळी कच्च्या केळ्याचे वडे करून नेते. केळी सालासकट उकडून कुस्करायची. त्यात हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ घालायचे. आले-लसूण नाही. हरभऱ्याच्या पिठात बुडवून तळायचे. गार झाले तरी चांगले लागतात. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुरमुरे. पाणी गाळून उकळून न्यावे, म्हणजे दिवसभराची काळजी मिटते. नुसते गाळलेले पाणी ४८ मिनिटांनी पुन्हा गाळावे लागते आणि धावत्या गाडीत ते जमत नाही. थंडीत दिवस लहान असतो, सूर्यास्ताआधी जेवण व्हायचे असेल तर परतीची गाडी दुपारचीच धरा.

आणि क्षमावाणीच्या दिवशी आपण ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतो, तेव्हा यंदा मुलांना एक ओळ वाढवायला सांगा, ज्यांची नावे आम्हाला माहीत नाहीत आणि ज्यांच्या कष्टावरून आम्ही रोज जातो-येतो, त्यांचीही क्षमा असावी.